झाडं लावणं सोडून कॅम्पसवर अजून काय करता येईल?

सागरमाळ_एक्सप्रेस

नमस्कार मंडळी. मी एमएस्सी सेकंड इयरला आहे, कोल्हापुरात हॉस्टेलला राहते, मूळची गडहिंग्लजकडची. संस्थेचं नाव घेत नाही, कारण पुढं थोडी तक्रार पण आहे.

तर झालंय असं की सरांनी परवा बोलावून सांगितलं, तू बरं लिहितेस, तर 'शाश्वत उपभोग आणि उत्पादन' ह्या विषयात विद्यापीठ काय काय करू शकतं ह्याचा आराखडा कर, पंधरा दिवसांनी मीटिंग आहे. मी जोशात हो म्हटलं आणि आता डोक्याला हात लावून बसलेय. ते युनोनं २०१५ ला शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली ना, त्यातलं हे बारावं. रूममेटला वाचून दाखवलं तर ती म्हणाली उपभोग म्हणजे काय गं, सासूबाईंच्या सिरीयलमधला शब्द वाटतोय 😅 आपल्या भाषेत सांगायचं तर वापरायचं ते जपून आणि बनवायचं ते नासाडी न करता, एवढंच आहे ते.

नेटवर शोधलं तर सगळीकडे तेच. वृक्षारोपण, पोस्टर स्पर्धा, सायकल रॅली, शपथ. मागच्या वर्षी आम्ही रॅली काढलीच होती, दसरा चौकापर्यंत गेलो, मस्त झाली, आणि शेवटी चहा दिला तो कागदी कपात. अडीचशे कप. त्या कपाला आतनं प्लॅस्टिकचा थर असतो म्हणून ते धड कुजत पण नाहीत, हे मीच दुसऱ्या दिवशी ते गोळा करताना कुणालातरी सांगत होते.

म्हणून विचारतेय, असं काहीतरी सांगा की जे वर्षभरानं आकड्यात दाखवता येईल. हॉस्टेल, ऑफिस, लॅब, कुठलंही चालेल. बजेट शून्य आहे असं धरा. फोटोसाठी करायचं नाहीये.

भडंग_आणि_चहा

पहिला प्रश्न, तुमच्या मेसचं खरकटं जातं कुठं? उत्तर माहीत नसेल तर आराखडा तिथनंच सुरू कर.

मी २०१४ ला आमच्या हॉस्टेलचा मेस सेक्रेटरी होतो (कोल्हापुरात नाही, दुसऱ्या गावात), आणि तेव्हा आम्हाला वाटायचं पोरं माजलीत म्हणून ताटात टाकतात. तर नोटीस लावल्या, 'अन्न हे पूर्णब्रह्म' वगैरे, काही झालं नाही. मग मेसच्या मावशींनीच डोकं लावलं. त्या म्हणाल्या की तुम्ही सगळं एका पिंपात टाकता आणि मग म्हणता लई वाया जातंय, पण त्यात उष्टं किती, उरलेलं किती आणि भाजीची देठं-सालं किती ते कसं कळणार. आणि बघ ना, आपल्या भाषेत ह्याला आधीपासनं वेगळे शब्द आहेत, उष्टं वेगळं, उरलेलं वेगळं. उष्टं म्हणजे पोराची चूक, उरलेलं म्हणजे अंदाजाची चूक, आणि सालं-देठं ही कुणाचीच चूक नाही, ते निघणारच.

तर तीन बादल्या ठेवल्या आणि रोज रात्री काट्यावर वजन करून भिंतीवरच्या फळ्यावर लिहायला लागलो. पंधरा दिवसांत कळलं की उष्टं आमच्या अंदाजाच्या निम्मंच होतं, खरा घोळ उरलेल्यात होता. आणि उष्ट्यात पण जवळपास सगळा भातच. भात का, तर वाढायचा डाव मोठा होता! एक डाव घातला की ताट भरायचं, पोरगं नको म्हणेपर्यंत पडलेला असायचा. लहान डाव आणला दीडशे रुपयांचा, 'मागा पण दोनदा मागा' असं सांगितलं, फरक लगेच दिसला. चपाती अर्धी करून ठेवायला लागलो. कुणालाही उपदेश केला नाही.

बारीक हिशेब करून बघ. एका ताटात ८० ग्रॅम उष्टं धरलं आणि ४०० पोरं दोन वेळा जेवतात असं धरलं तर दिवसाला ६४ किलो, महिन्याला जवळजवळ दोन टन. हे नुसतं धरलेलं आहे, तुझा आकडा तुझ्या काट्यावरच कळणार. पण हा आकडा मीटिंगमध्ये ठेवला की सर लोक सरळ बसतात. आणि त्या बाराव्या उद्दिष्टात २०३० पर्यंत माणशी अन्नाची नासाडी निम्मी करायची असं लिहिलेलंच आहे, म्हणजे सरांना पण वरती दाखवायला बरं.

विषय_हार्ड_०९

हे सगळं नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या कमिटीसाठी चाललेलं असतंय भावा, ताई तुम्ही मनावर घेऊ नका. नॅकच्या निकषांत पर्यावरणाचं असतंय, तेवढ्यापुरतं ग्रीन ऑडिट, दोन सोलर दिवे, एक गांडूळखताचा खड्डा. कमिटी आली की खड्ड्यात गांडूळ, गेली की खड्डा रिकामा. मी स्वतः शेजारच्या कॉलेजातनं गांडुळं उसनी आणलेली बघितलीत. नाद खुळा.

सागरमाळ_एक्सप्रेस

@विषय_हार्ड_०९ गांडुळं उसनी 😂 मेले.
पण तरी मी करणारे. नॅकसाठी का असेना, खड्डा तर खणला ना कुणीतरी.
@भडंग_आणि_चहा तीन बादल्यांचं लई आवडलं. आमचं खरकटं कुठं जातं ते आज विचारलं, एक काका येतात वराहपालनवाले, ते घेऊन जातात म्हणे. मग ते वायाच जात नाही असं आमचे मेस कॉन्ट्रॅक्टर म्हणतात. ह्यावर काय बोलू?

भडंग_आणि_चहा

डुकराला जातंय हे कचरा डेपोत जाण्यापेक्षा शंभर पटीनं चांगलं, ते बंद करू नको. पण शिजवलेला भात डुकराला घालायचा म्हणजे शेतातलं पाणी, खत, गिरणी, गॅस, मावशींची कंबर, हे सगळं घालून डुकराचं खाद्य केलंस. एक किलो तांदळामागं जगभरची सरासरी बघितली तर अडीच हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं म्हणतात. आधी कमी शिजवा, मग उरलं ते डुकराला.

निवृत्त_हिशेबनीस

बाळ, उशिरा वाचलं. मी एका शिक्षणसंस्थेत खरेदी विभागात एकतीस वर्षं काढली, आता घरी नातवंडं सांभाळतो. तुमच्या ह्या सगळ्या चर्चेत कुणी खरेदीचं नावच काढलं नाही म्हणून लिहितो, जरा लांबेल.

संस्था काय वापरते हे विद्यार्थ्याच्या हातात नसतं, ते निविदेच्या कागदावर ठरतं. आणि तिथं नियम काय, तर सगळ्यात कमी दर ज्याचा त्याला ऑर्डर. एल-वन म्हणतात त्याला. नियम चोरी होऊ नये म्हणून केलाय, चांगलाच आहे, पण त्याचं होतं काय की स्वस्त खुर्ची येते, दोन वर्षांत तिचा पाय जातो, मग ती गोडाऊनमध्ये जाते आणि नवी स्वस्त खुर्ची येते. गोडाऊनमधली का टाकत नाहीत, तर ती डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे संस्थेच्या सामानाच्या वहीत असते, निर्लेखन करायचं, म्हणजे वहीतनं नाव काढायचं, तर समिती, पंचनामा, लिलाव. कोण अंगावर घेतो. आमच्याकडे एका खोलीत १९९०च्या दशकातली बाकडी होती, सागवानी, नुसता एकेक खिळा निघालेला. शेवटी वाळवीनं निर्लेखन केलं.

आणि मार्च एंड! अनुदान ३१ मार्चला परत जाणार म्हणून फेब्रुवारीत सगळ्या विभागांना आठवण होते की आपल्याला कपाट पाहिजे, प्रिंटर पाहिजे. गरज नसताना होणारी सगळ्यात मोठी खरेदी तीच. पोरं चहाच्या कपावरनं भांडतात आणि वरच्या मजल्यावर चाळीस कपाटं येऊन पडतात.

मग करायचं काय. एल-वन मोडता येत नाही, पण स्पेसिफिकेशन, म्हणजे वस्तू कशी हवी ते लिहिणं आपल्याच हातात असतं. एल-वन ठरतो तो स्पेसिफिकेशनमध्ये बसणाऱ्यांतनं. फॅनचंच घ्या. साधा जुना सीलिंग फॅन ७५ वॅट घेतो, बीएलडीसी ह्या कमी वीज खाणाऱ्या मोटरचा तीसेक वॅट. फरक ४५ वॅटचा. दिवसाला दहा तास, वर्षाला २४० दिवस धरा, एका फॅनमागं १०८ युनिट वाचतात. ५०० फॅन असतील तर ५४ हजार युनिट. युनिट दहा रुपये धरलं आणि किमतीतला फरक दीड हजाराचा धरला तरी दीड वर्षाच्या आत फिटतो. जानेवारी २०२३ पासून सीलिंग फॅनवर स्टार लेबल सक्तीचं झालंय, म्हणजे निविदेत 'पंचतारांकित' एवढा एक शब्द घातला की झालं, कुणी आक्षेप घेऊ शकत नाही. चालू फॅन काढून नवे लावा असं मात्र म्हणू नका, जळेल तसा बदला.

तसंच खुर्चीसोबत पाच वर्षांची दुरुस्ती मागा, प्रिंटर दोन्ही बाजूंनी छापणाराच मागा. आणि खरेदी समितीपुढं एक ओळ ठेवा, नवी वस्तू मागणाऱ्या विभागानं आधी लिहून द्यावं की गोडाऊनमध्ये जाऊन बघितलं. बस. निम्म्या मागण्या तिथंच गळतील, कारण गोडाऊनमध्ये लई धूळ असते, साहेब लोक जात नाहीत.

जुने कॉम्प्युटर भंगारवाल्याला देत असतील तर ते पण बघा. २०२२चे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, मोठ्या संस्थांनी तो माल नोंदणीकृत लोकांकडेच द्यायचा असतो. हे सांगितलं की रजिस्ट्रार ऑफिस दचकतं, अनुभवानं सांगतो.

विषय_हार्ड_०९

काका तुम्ही आधी का नाही बोललात, हा खरा विषय हार्ड. वाळवीनं निर्लेखन 🙏

बीड_आणि_वाळू

शिरोलीत छोटी फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना आहे आमचा, वडिलांपासनं. ह्या धाग्यात सगळे वापरण्यावर बोलायला लागलेत, ताईंच्या विषयात 'उत्पादन' पण आहे की नाही? विद्यापीठ काय बनवतं, तर माणसं बनवतं, आणि ती माणसं उद्या आमच्याकडं, साखर कारखान्यात, इचलकरंजीच्या मागावर, दूध संघात येणार. तिथं ती काय बघतात ह्यावर सगळं आहे.

आमचंच सांगतो. दोन पोरं एमटेकची आलेली प्रोजेक्टला. मला वाटलं सही-शिक्का घेतील आणि जातील, नेहमीसारखं. पण ती तीन आठवडे रोज आली, डबा घेऊन. फाउंड्रीत साच्याची वाळू असते, बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड घालून भिजवलेली, ती परत परत वापरता येते. आणि कोरची, म्हणजे साच्यात पोकळी ठेवायला घालतात त्या गाभ्याची वाळू असते, चिकट रेझिन लावलेली, ती वेगळी. आमचे कामगार साचा फोडून झाला की दोन्ही एकाच ढिगात ओढायचे, वर्षानुवर्षं. त्यामुळं चांगली वाळू पण बिघडायची आणि बाहेर टाकायचा ढीग वाढायचा, टाकायला जागा कुठाय आता. त्या पोरांनी काय शोध लावला नाही, नुसत्या दोन रंगाच्या ट्रॉल्या करा म्हणाली. केल्या. दुसरं, भट्टीचं झाकण उघडं राहतंय ते त्यांनी घड्याळ लावून लिहून काढलं. इंडक्शन भट्टीत टनाला सहाशेच्या आसपास युनिट जातात, झाकण उघडं म्हणजे ती वीज छपराला. मी तीस वर्षं तिथं उभा आहे, मला झाकण दिसलंच नव्हतं.

आता बघा, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर डिग्रीच्या प्रत्येक पोराला पर्यावरण विषय सक्तीचा आहे, त्याला प्रोजेक्ट पण असतो. माझ्या पोरीनं काय केलं? झेरॉक्सच्या दुकानात गेली, 'रंकाळा प्रदूषण' नावाचं तयार बाड घेतलं, नाव बदललं, मोत्याच्या रंगाचं कव्हर लावलं. रंकाळ्याला एकदा भेळ खायला गेली असेल तेवढीच. शिवाजी विद्यापीठाला तीन जिल्ह्यांतली कॉलेजं जोडलेली आहेत, कोल्हापूर, सांगली, सातारा. एवढ्या पोरांतल्या दहातल्या एकानं जरी खऱ्या जागी जाऊन एक गोष्ट मोजली, गुऱ्हाळाच्या चुलवाणात एका काहिलीला चिपाड किती जळतंय, हॉटेलात किती रस्सा ओतला जातोय, तर कुठल्या सल्लागाराला पैसे द्यायला नकोत. आणि ज्याचं मोजलं त्याला तो कागद परत द्या, ही अट घाला. नाहीतर तो पण कपाटात.

पायताण_कट्टा

फाउंड्रीवाल्या दादांना अनुमोदन. एक जोडते. सत्कार! आमच्या कॉलेजात महिन्याला चार कार्यक्रम, प्रत्येकात शाल, श्रीफळ, बुके आणि त्या बुकेला प्लॅस्टिकचा झगा. पाहुणे बुके गाडीत पण नेत नाहीत. सेमिनारला पिशवी देतात ती कापडासारखी दिसते पण असते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच. त्यात पॅड, पेन, फोल्डर. माझ्याकडे अशा अकरा पिशव्या आहेत.

आपण कोल्हापुरात राहतो हो. एक किलोचा गुळाचा रवा, म्हणजे छोटी ढेप द्या की पाहुण्याला, घरी नेऊन खाईल तरी. मोठा पाहुणा असेल तर कोल्हापुरी चप्पल द्या, बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेल्या चामड्याची, २०१९ ला तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, तळ झिजला की बदलून मिळतो. आता व्यासपीठावर पाहुण्याला पायताण कसं द्यायचं हा प्रश्न आहे, माझ्या वडिलांचा धंदा तोच म्हणून मला ते विचित्र वाटत नाही पण प्राचार्यांना वाटेल 😄

बादली_नंबर_सात

मी पाच वर्षं हॉस्टेलला काढून आत्ता बाहेर पडले. कुणी हॉस्टेल रिकामं करायचा आठवडा बघितलाय का? मे महिन्यात प्रत्येक रूमबाहेर गादी, बादली, मग, आरसा, टेबल लॅम्प, दोरी, अर्धी वापरलेली जर्नल्स, सगळं टाकून मुली एसटी पकडतात, कारण गादी घेऊन कोण जाणार सांगोल्याला. भंगारवाला दोन टेम्पो भरून नेतो. आणि जूनमध्ये नव्या मुली येतात, त्यांचे वडील त्यांना घेऊन बाजारात जातात, आणि तीच बादली, तोच मग, तीच गादी नवीन घेतात. हे दरवर्षी. मधे फक्त सहा आठवड्यांचं अंतर आहे!

आम्ही शेवटच्या वर्षी एक रिकामी खोली मागितली, रेक्टर मॅडम नको म्हणाल्या, ढेकूण होतील म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं. मग गाद्या वगळल्या, फक्त बादल्या, मग, लॅम्प, हँगर, पुस्तकं घेतली. बादल्यांना ऑइलपेंटनं नंबर घातले. जूनमध्ये पन्नास रुपये डिपॉझिट घेऊन दिल्या. माझं हे युजरनेम तिथलंच आहे, सात नंबरची बादली तीन वर्षांपूर्वीच्या एका सीनियरची, अजून वापरात आहे.

लाजेचा भाग आहे हे लक्षात ठेव. जुनी बादली 'गरीब मुलींसाठी' असं म्हटलं की कुणीच घेत नाही. आम्ही सगळ्यांनाच दिली, श्रीमंत-गरीब काही नाही, तेव्हा चाललं.

विषय_हार्ड_०९

पाण्याचं कुणी बोललं नाही. बाकी काय असू दे पण आपल्या शिवाजी विद्यापीठानं साडेआठशे एकरांच्या माळावर तळी-विहिरींत पावसाचं पाणी धरून दाखवलंय, तेवढं कौतुक करायलाच पाहिजे. मोर उगीच नाहीत तिथं. ते पण पोस्टर लावून झालं नाही, चर खणून झालं.
(बघा, मी पण चांगलं बोलू शकतोय.)

सागरमाळ_एक्सप्रेस

मंडळी, बारा दिवसांनी येतेय, मीटिंग परवा आहे. सगळ्यांचे आभार वगैरे नंतर, आधी काय झालं ते सांगते.

लक्ष्मीपुरीतल्या एका ओळखीच्या किराणावाल्या मामांकडनं काटा उसना आणला आणि तीन बादल्या ठेवल्या. पहिले दोन दिवस मुली हसल्या, तिसऱ्या दिवसापासनं फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायला लागल्या. उष्टं रोज साधारण सारखंच, बारा-चौदा किलो. पण उरलेलं! सोमवार ते शुक्रवार सात-आठ किलो आणि शनिवारी रात्री एकदम एकतीस. मला वाटलं मी काटा चुकीचा वाचला. मग मेसच्या मावशींना विचारलं, त्या म्हणाल्या अगं शनिवारी तुम्ही सगळ्या गावाला जाता की, रजिस्टरला २८० आहेत, जेवायला शंभर-सव्वाशे येतात. मी म्हटलं मग तुम्ही कमी का नाही करत. त्या म्हणाल्या, मला कोण सांगतंय कोण राहणार ते? कमी केलं आणि भात संपला तर बोलणी मलाच.

मी दोन वर्षं दर शनिवारी गडहिंग्लजची गाडी पकडतेय. त्या रात्री माझ्या वाटणीचा भात शिजतोय आणि डुकराला जातोय हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तर गेल्या शुक्रवारी व्हॉट्सअॅपवर पोल टाकला, उद्या रात्री कोण आहे? १२१ जणींनी हो केलं. मावशींनी १४० चं शिजवलं, म्हणाल्या मी तुमच्या मोबाईलवर एवढा विश्वास ठेवत नाही. शनिवारी उरलं नऊ किलो. कॉन्ट्रॅक्टर खूश आहे, त्याला वाटतंय तांदूळ वाचला. आता पुढचं भांडण म्हणजे तो वाचलेला पैसा बिलात कमी करणार की खिशात घालणार, ते मीटिंगमध्ये काढणार आहे.

हिशेबनीस काका, तुमची गोडाऊनवाली ओळ आराखड्यात पहिल्या पानावर घातलीय, शब्द तुमचेच. फॅनचा हिशेब आमच्या इलेक्ट्रिशियन दादांकडनं तपासून घेतला, ते म्हणाले बरोबर आहे फक्त आमच्या लायब्ररीत फॅन चौदा तास चालतात. प्रोजेक्टचं सरांना आवडलं पण 'ज्याचं मोजलं त्याला कागद परत' ह्यावर ते जरा गप्प झाले. चप्पल मी घातली नाही आराखड्यात, गुळाचा रवा घातलाय. बादल्यांची खोली मागितलीय, गाद्या वगळून.

काटा उद्या परत द्यायचाय, मामांचं दुकान अडलंय. कुणाकडं जुना, निदान पन्नास किलोचा काटा पडून असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन. नवीन घ्यायचा नाही, आता ते करवतच नाही 😅

निवृत्त_हिशेबनीस

तुमच्याच संस्थेच्या गोडाऊनमध्ये बघ आधी. आमच्याकडे तरी चालू स्थितीतले दोन पडून होते. डेड स्टॉक रजिस्टर माग, 'वजनकाटा' शोध. आणि तोंडाला रुमाल बांधून जा.